बोलता येत नाही तेव्हा : चित्र, माती आणि मानसोपचार

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे संयोजकांना वाटलं होतं की मी नोकऱ्या, मुलाखती किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्स यावर बोलेन. मी 'आर्ट थेरपी' हा विषय सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिकडून प्रश्न आला, "म्हणजे ड्रॉइंगचा क्लास का?"

तिथूनच सुरुवात करतो. आर्ट थेरपी ही मानसोपचाराची एक पद्धत आहे. तिला तीन गोष्टी लागतात. एक, ज्याला त्रास होतोय तो माणूस. दुसरी, त्याच्या हातात काहीतरी साहित्य : कागद, रंग, माती, कापड, जुनी मासिकं, काहीही. आणि तिसरी, समोर बसलेला प्रशिक्षित उपचारक. ही तिसरी गोष्ट काढून टाकली की उरतो तो छंद. छंदही चांगलाच. माझी आजी दुपारी वाकळ शिवायला बसायची. शेजारच्या बायका यायच्या, टाके घालता घालता सासर-माहेरची गाऱ्हाणी निघायची, आणि उठताना सगळ्या थोड्या हलक्या झालेल्या असायच्या. याला मी अजिबात कमी लेखत नाही. पण हळदीच्या दुधाला आपण ऑपरेशन म्हणत नाही, तसं याला उपचार म्हणू नये, एवढंच.

हा शब्द ॲड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं वापरात आणला. १९३८ मध्ये त्याला क्षय झाला आणि तो ससेक्स परगण्यातल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला. तेव्हा क्षयावर प्रभावी औषध नव्हतं. महिनोन्महिने खाटेवर पडून राहायचं, आणि वाट बघायची. हिल अंथरुणात बसून समोर दिसेल ते रेखाटू लागला. पुढे महायुद्धातून परतलेले जखमी सैनिक तिथे आले, आणि तो त्यांनाही चित्रं काढायला बसवू लागला. १९४२ मध्ये त्यानं या कामाला 'आर्ट थेरपी' म्हटलं, १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

पण मला ज्या व्यक्तीमुळे हा विषय खरा कळला, ती ब्राझीलची डॉक्टर आहे. नाव नीसे दा सिल्वेरा. जन्म १९०५. मुलींनी डॉक्टर होणं दुर्मीळ होतं त्या काळात ती १९२६ मध्ये डॉक्टर झाली आणि मानसोपचाराकडे वळली. डाव्या विचारांची पुस्तकं जवळ बाळगल्यावरून १९३६ मध्ये तिला तुरुंगात टाकलं. सरकारी नोकरीत परत यायला १९४४ उजाडलं.

रिओ दि जानेरोच्या एंजेन्यो दि देंत्रो भागातल्या मनोरुग्णालयात ती रुजू झाली. त्या काळात तिथे उपचार म्हणजे काय, तर भूल न देता विजेचे झटके, इन्शुलिन टोचून बेशुद्ध करणं, आणि मेंदूचे धागे कापणारी लोबोटॉमी. हे सगळं तेव्हाचं आधुनिक शास्त्र होतं. लोबोटॉमीच्या जनकाला तर १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आज भूल देऊन, नियमांनुसार देतात ती ईसीटी वेगळी आहे, ती काही रुग्णांना उपयोगी पडते, माझा तिला विरोध नाही. पण तेव्हा नीसेला झटक्याचं बटण दाबायला सांगितलं, आणि ती म्हणाली, मी दाबणार नाही.

अशा डॉक्टरचं काय करायचं? तिला 'ऑक्युपेशनल थेरपी' विभागात पाठवलं. नाव मोठं, पण तिथे रुग्णांकडून झाडलोट करून घेतली जायची. नीसेनं रुग्णांच्या हातातून झाडू काढून घेतले. १९४६ मध्ये आल्मिर माव्हिनिये या तरुण चित्रकाराला बरोबर घेऊन तिथे चित्रांची खोली सुरू केली. रंग ठेवले, कागद ठेवले, माती ठेवली. काय काढायचं ते कोणी सांगायचं नाही. चांगलं-वाईट कोणी म्हणायचं नाही.

तिथे फर्नांदो दिनीझ नावाचा एक रुग्ण होता. काळा, गरीब. त्याची आई श्रीमंतांच्या घरी शिवणकाम करायची, आणि लहानपणी तो तिच्याबरोबर त्या बंगल्यांत जायचा. आपल्यापैकी किती जणांच्या आया शिलाई मशीनवर बसतात, ते मला हात वर करून सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात बसून मूल काय बघतं हे आपल्याला माहीत आहे. दिनीझनं ब्रश हातात घेतला आणि घरांचा आतला भाग काढू लागला. सुरुवातीला वस्तू एकमेकींत घुसलेल्या, कुठली खुर्ची, कुठली भिंत कळू नये अशा. मग एकेक वस्तू सुटी होत गेली. खाली फरशी आली, फरशीवर टेबल उभं राहिलं. कागदावर खोली तयार झाली.

१९५२ मध्ये नीसेनं या चित्रांचं संग्रहालय उभं केलं. ते आजही आहे. १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक मानसोपचार परिषदेत ही चित्रं मांडली गेली, आणि कार्ल युंगसारखा माणूस ती पाहायला आला. ज्यांना 'यांच्या आत आता काही उरलेलं नाही' असं ठरवून कोंडून ठेवलं होतं, त्यांच्या आत काय काय होतं हे जगानं भिंतीवर पाहिलं.

आता थोडं माझ्याबद्दल. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा यूट्यूब बघून आलाय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी अम्मी कोविडनं गेली. मी पुण्यात होतो, ती इचलकरंजीत. नाक्यानाक्यावर ई-पास दाखवत मी पोहोचलो तेव्हा मिट्टी देऊन झाली होती. चार माणसं होती म्हणे, त्यातली दोन अनोळखी. घरात मोठा मी. अब्बूंकडे बघायचं होतं, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. मी रडलो नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगा मजबूत आहे. दहाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडला.

सहा महिन्यांनी रात्री धडधड सुरू झाली. हाताला घाम, श्वास पुरेना, वाटायचं हार्ट अटॅक येतोय. दोनदा कार्डिओग्राम काढला, दोन्ही नॉर्मल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे जायला सांगितलं.

पहिल्या तीन भेटी मी त्यांना नुसता रिपोर्ट दिला. झोप किती तास, धडधड किती वाजता, चहा किती कप. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर बिघडलं की असाच रिपोर्ट लिहितात. चौथ्या वेळी मॅडमनी टेबलावर एक कागद आणि खडू ठेवले. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही घरी गेलात, तो रस्ता काढा."

मी इंजिनियर. मी काय काढणार? चौकोन आणि बाण. पुणे, बाण, सातारा, बाण, कराड, पेठनाका, हातकणंगले. शेवटच्या चौकोनातून एक बाण निघाला, कागदाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच संपला. मॅडमनी विचारलं, "हा कुठे चाललाय?" मला काही सांगता येईना. त्यांनी दुसरा कागद घेतला, चिकटपट्टीनं पहिल्या कागदाला जोडला, आणि गप्प बसल्या. त्या दुसऱ्या कागदावर मी कब्रस्तानाचं लोखंडी फाटक काढलं. बंद असलेलं. मी पोहोचलो तेव्हा ते तसंच होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. हे सिनेमासारखं वाटू नये म्हणून पुढचंही सांगतो. दुसऱ्या दिवशी मी बरा झालो नाही. वर्षभर जात होतो. गोळ्या नऊ महिने घेतल्या, आणि डॉक्टरांनीच त्या हळूहळू कमी करत बंद केल्या. पण त्या फाटकापर्यंत मी शब्दांनी पोहोचू शकलो नसतो. शब्द माझ्या ताब्यात होते. मला हवं तेवढंच मी सांगत होतो. हात मात्र तो बाण पुढे घेऊन गेला.

ही पद्धत कशी चालते, ते यातून थोडं कळेल. भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. वेळ ठरलेली, खोली ठरलेली. साहित्य विचार करून दिलं जातं. पेन्सिल, खडू आपल्या ताब्यात राहतात, खोडता येतात. ओले जलरंग पसरतात, ओली माती हाताला चिकटते, तिथे आपला ताबा सुटतो. म्हणून आधीच घाबरलेल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी ओल्या रंगांचं भांडं ठेवत नाहीत. आणि ज्यानं सगळं आत दाबून ठेवलंय, त्याला कधीतरी माती तिंबायला देतात. काढलेलं चित्र तुमचं असतं. ते गोपनीय असतं. त्याचा फोटो काढून उपचारकानं इन्स्टाग्रामवर टाकायचा नसतो.

आणि उपचारक चित्राचा अर्थ सांगत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, मोठे डोळे म्हणजे संशय, असल्या रील्स तुम्ही रोज बघता. इंग्लंडमध्ये नेदर्न मनोरुग्णालयात एडवर्ड ॲडमसन या चित्रकारानं १९४६ पासून अनेक वर्षं स्टुडिओ चालवला. तो रुग्णांना शिकवत नव्हता, त्यांच्या चित्रांचे अर्थही लावत नव्हता. खोली उघडी ठेवायची, साहित्य द्यायचं, सोबत बसायचं. माझ्या मॅडम जर म्हणाल्या असत्या की 'बंद फाटक म्हणजे तुमच्या मनातला अपराधभाव', तर मी मान डोलावली असती आणि पुन्हा तिकडे फिरकलो नसतो. त्यांनी कागद जोडला.

आपल्यासारख्या मुलांना हे सगळ्यात कठीण जातं. आपण मार्कांवर वाढलेले. दहावीला किती, सीईटीला किती, पॅकेज किती. कागद समोर आला की पहिला विचार येतो, मला चित्र कुठे काढता येतं? तर अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातला एक अभ्यास सांगतो, २०१६ चा. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन, कात्रणं यांपैकी हवं ते करायला दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाशी संबंधित संप्रेरक. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. आधी चित्रकला येत होती की नाही, यानं काही फरक पडला नाही.

पण मी इंजिनियर आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगणार. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं शांत बसून चहा प्यायला असता तरी कदाचित कॉर्टिसॉल उतरलं असतं. आणि ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली, स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर, निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सामूहिक आर्ट थेरपी, दुसऱ्याला इतर सामूहिक उपक्रम, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी तिन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. अनेक जण त्या सत्रांना फारसे गेलेच नव्हते, हेही खरं. पण यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. गंभीर मानसिक आजारात औषधांना पर्याय म्हणून कोणी चित्रं काढायला सांगत असेल, तर तिथून उठा. हे साधन डॉक्टरांच्या उपचारांना जोड म्हणून आहे. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही.

आता एक प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात केव्हाचा आहे, तो मीच विचारतो. आपल्यात चित्र काढणं चालतं का? सजीवांची चित्रं काढण्याबद्दल आपल्याकडे मतमतांतरं आहेत, जुनी आहेत. मी फतवा द्यायला आलेलो नाही. एवढं सांगतो की या पद्धतीत माणसाचा चेहरा काढावाच लागतो असं नाही. मी चौकोन आणि बाण काढले. कोणी नुसते रंगांचे पट्टे ओढेल, कोणी कागद फाडून पुन्हा चिकटवेल, कोणी कापडाचे तुकडे जोडेल, कोणी मेंदीच्या कोनानं कागदावर नक्षी काढेल. ज्याला जे मोकळेपणानं करता येईल ते करावं. मनात टोचणी ठेवून बसलात तर उपयोगच नाही, आणि चांगला उपचारक तुम्हाला आग्रहही करणार नाही.

आणि कलेनं मन सांभाळायचं ही कल्पना आपल्याला परकीही नाही. तुर्कस्तानात एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायजीदनं १४८८ मध्ये बांधून पूर्ण केलेलं रुग्णालय आहे. सतराव्या शतकात प्रवासी एवलिया चेलेबीनं लिहून ठेवलंय की तिथे मनोरुग्णांसाठी आठवड्यातून तीन दिवस गायक-वादक येत. आज त्या वास्तूत आरोग्याचं संग्रहालय आहे. 'सगळं आमच्याकडे आधीच होतं' अशी फुशारकी मारायला मी हे सांगत नाही. कारण त्याच्याच शेजारी मला दुसरं नाव ठेवायचं आहे, एरवाडी.

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका निवासाला पहाटे आग लागली. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे नेणारे आईवडीलच होते, भाऊच होते, आणि त्यांतल्या अनेकांचं त्यांच्यावर प्रेमही असेल. त्यांना दुसरं दार माहीत नव्हतं, किंवा परवडत नव्हतं.

मी दर्ग्यावर जाणाऱ्यांची टिंगल करणार नाही. तिथे केस मोकळे सोडून ओरडणारी बाई मी लहानपणी पाहिली आहे. घरात तिला मोठ्यानं बोलायचीही मुभा नसेल. तिचं दुःख कुठेतरी बाहेर पडणारच होतं. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' जोडीनं देण्याचा प्रयोग झाला. दुआ मागा, आणि तिथेच डॉक्टरांनाही दाखवा. मला हा रस्ता शहाणपणाचा वाटतो.

कायदा आता आपल्या बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली आहे, मग ते रुग्णालय असो की धर्मस्थळ. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा नागरिक म्हणून तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. स्वतःसाठी लागला नाही तर मित्रासाठी लागेल.

आर्ट थेरपी करून घ्यायची असेल तर माणूस नीट निवडा. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही.  आपल्याकडे दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही कोणी पाटी लावलेली असू शकते. विचारायला लाजू नका. तुमचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? कलामाध्यमाचं प्रशिक्षण कुठे घेतलं? गरज पडली तर मला कोणत्या डॉक्टरांकडे पाठवाल? आपण मोबाइल घेताना याच्या दुप्पट प्रश्न विचारतो. आणि मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, कित्येक दिवस झोपच लागत नसेल, तर आधी डॉक्टर. रंग-कागद नंतर.

ज्यांना यातलं काहीच नकोय, त्यांच्यासाठी एक छोटं काम. तुमच्या घरात असा एक माणूस असेल जो 'मजबूत' आहे. अब्बू असतील, मोठा भाऊ असेल, तलाक होऊन माहेरी आलेली आपा असेल. सगळे म्हणतात, तिनं किती छान सावरलं. त्यांच्या शेजारी बसा. हाताला काहीतरी काम असू द्या, शेंगा सोलायच्या असतील, वाकळेचे तुकडे लावायचे असतील. प्रश्न विचारू नका, सल्ला तर देऊच नका. हा उपचार नव्हे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. पण उपचाराची गरज आहे हे ओळखणारा पहिला माणूस बहुधा असाच शेजारी बसलेला असतो.

माझी वेळ संपली. प्रश्न असतील तर विचारा. सगळ्यांसमोर विचारायचे नसतील, तर चहाच्या वेळी मी बाहेर पायरीवर बसलेला असेन.